निदानयंत्र कोणाच्या हाती असावे?

मोटार बिघडली की मिस्त्रीस बोलवावे, हा आमच्या भागातील जुना प्रघात. मिस्त्री येई, बॉनेट उघडी, इंजिन चालू करावयास सांगे. पेचकसाचे टोक इंजिनास आणि मूठ कानास लावून क्षणभर ऐके आणि 'प्लग गेला' किंवा 'टॅपेट वाजतो' असा निर्णय देऊन कामास लागे. उस्तादाच्या हाताखाली काढलेली पाचसात वर्षे हीच त्याची पाठशाळा. कान, नाक आणि बोटे हीच त्याची उपकरणे. खटकचिंचोळीपासून भालकी, हुमनाबाद, बीदरपर्यंत जेथे जेथे मोटारी आल्या तेथे तेथे असा एखादा मिस्त्री तयार झाला, आणि त्याच्या भरवशावर लोकांनी जुन्यापान्या गाड्या वर्षानुवर्षे चालविल्या.

त्या गाड्याही तशाच होत्या. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी पद्मिनी घ्या. किंवा कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास बनणारी अँबॅसडर घ्या. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरात होई. ठिणगी केव्हा पडावी हे एका लहानशा यांत्रिक जुळणीने ठरे. आणि दोन्हींची दुरुस्ती पाना-पेचकसाने होई. ज्यास पाहण्याची सवय आणि समजण्याची बुद्धी होती, त्यास त्या गाडीत अगम्य असे काही नव्हते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यांच्यासाठी अश्रू ढाळावेत असे आम्हांस वाटत नाही. त्या धूर फार सोडीत, इंधन फार पीत, आणि अपघातात आत बसलेल्यांचे रक्षण करण्याची त्यांत फारशी सोय नव्हती. आमची चिंता निराळी आहे. त्या गाड्यांबरोबर मिस्त्रीही जावयाचा काय?

नव्या गाडीत इंजिनास किती इंधन द्यावे, हे कोणी फिरविलेला स्क्रू ठरवीत नाही. एक छोटा संगणक ठरवितो. आत येणारी हवा किती, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, चाके किती वेगाने फिरतात, याच्या वार्ता निरनिराळे सेन्सर त्यास क्षणोक्षणी कळवितात. इंजिनाचा संगणक एक, ब्रेकचा दुसरा, अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या पिशव्यांचा तिसरा. आणि ही सर्व मंडळी दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. दोन तारांची ही पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. बिघाड झाला की संगणकच तो ओळखतो, त्याची नोंद एका सांकेतिक क्रमांकाच्या रूपाने स्मरणात ठेवतो आणि चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लावतो.

हा दिवा कायद्याने लावविला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हवा दूषित होऊ नये म्हणून अमेरिकेने १९९६ पासूनच्या नव्या मोटारींत एकाच धर्तीची स्वनिदान-व्यवस्था सक्तीची केली. आपल्या देशात भारत स्टेज चार या प्रदूषणमानाबरोबर ती २०१० पासून येऊ लागली, २०१३ पासून तिचे अधिक कडक रूप लागू झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा आल्यावर तर दुचाक्यांतूनही कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या आज्ञेने इंधन फवारणारी व्यवस्था आली. चारचाकीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खाच असते. ज्यांच्या घरी गाडी आहे त्या विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांस विचारून ती अवश्य शोधून पाहावी. त्या खाचेत काही शे रुपयांस मिळणारे बोटभर यंत्र बसविले की मोबाइलच्या पडद्यावर क्रमांक उमटतो. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही. 'पी ०३०२' म्हणजे दुसऱ्यात. गाडी जपानी असो की पुण्याची, हा अर्थ बदलत नाही.

मग अडले कोठे, असे कोणी विचारील. अडले ते येथे की कायद्याची सक्ती मुख्यतः धुराशी संबंध असलेल्या गोष्टींपुरती आहे. संकेतातील अक्षरानंतरचा पहिला अंक शून्य असेल तर अर्थ सर्वत्र एक. तो अंक एक असेल तर अर्थ ज्याने गाडी बनविली त्याने ठरविलेला. ब्रेक, एअरबॅग, दारांची कुलुपे, किल्लीची ओळख यांचा बहुतेक कारभार या दुसऱ्या, खाजगी भाषेत चालतो. ती भाषा पुरी जाणणारे यंत्र प्रत्येक कंपनीचे निराळे: टोयोटाचे टेकस्ट्रीम, फोर्डचे आयडीएस, बीएमडब्ल्यूचे इस्ता, फोक्सवॅगनचे ओडिस, मर्सिडीजचे झेंट्री. बाजारातले स्वस्त यंत्र म्हणजे घरचा तापमापक समजा. ताप किती, एवढे तो सांगतो. रोग कोणता हे त्यास सांगता येत नाही, आणि औषधाच्या कपाटाची किल्ली तर त्याच्याजवळ नसतेच.

औषधाचे म्हणाल तर आजच्या गाडीत खरी अडवणूक तेथेच होते. डिझेल इंजिनाचा इंजेक्टर घ्या. हे भाग इतके सूक्ष्म असतात की दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे निपजत नाहीत. म्हणून पुष्कळ कंपन्या प्रत्येकावर त्याच्या गुणदोषांचा एक संकेतांक कोरतात. मिस्त्रीने जुना इंजेक्टर काढला, नवा उत्तम रीतीने बसविला, तरी तो अंक संगणकास कळविल्याखेरीज इंजिन सुरळीत चालेलच असे नाही. विजेवर चालणारा हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलावयाचे असतील तर पुष्कळदा प्रथम संगणकास आज्ञा देऊन ब्रेकची पकड मागे घ्यावी लागते. काही गाड्यांत नवी बॅटरी घातली तर तिचीही नोंद करावी लागते. किल्ली हरवली तर दुसरी किल्ली कापून भागत नाही. तिच्यातील चकतीची गाडीशी ओळख करून द्यावी लागते. डिझेल गाडीच्या धुरातील काजळी अडविणारी गाळणी भरली तर ती जाळून मोकळी करण्याची आज्ञाही यंत्राकडूनच द्यावयाची. या कोणत्याही कामात हातांचे कौशल्य कमी पडत नाही. नट-बोल्टांपर्यंतचे सर्व काम गावच्या मिस्त्रीने केले, आणि शेवटचे दोन शब्द संगणकाच्या कानात सांगावयास त्याच्यापाशी यंत्र नाही, असा हा प्रकार आहे.

शहरात राहणाऱ्यास याची झळ तितकी लागत नाही. त्याची गाडी अडली तर कंपनीची कार्यशाळा चारदोन मैलांवर असते. खेड्याची गोष्ट वेगळी. ज्या कंपनीची कार्यशाळा जवळपास नाही, तिच्या गाडीस कलबुर्गी, सोलापूर किंवा हैदराबादचा रस्ता धरावा लागतो. आणि बिघाडाची नोंद झाल्यावर अनेक गाड्यांचे इंजिन स्वसंरक्षणासाठी आपली शक्ती कमी करून लंगडत चालते, तेव्हा हा रस्ता दुसऱ्या गाडीस बांधून किंवा ट्रकवर चढवून काटावा लागतो. दवाखान्याच्या वाटेवर रोगी घेऊन निघालेली जीप, बाजारच्या दिवशी भाजी भरून निघालेला टेंपो यांचा खोळंबा पैशांत मोजता येत नाही. जो पैशांत मोजता येतो तो खर्चही थोडा नाही: ओढून नेण्याचे भाडे, बुडालेली रोजी, आणि कार्यशाळेचा दर, ज्याची तुलना करावयास दुसरे दुकानच नाही.

दुसरे दुकान नाही, ही गोष्ट आमच्या कल्पनेतील नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगापुढे ती सिद्ध झालेली आहे. एका वाहनधारकाने २०११ साली तीन मोटार कंपन्यांविरुद्ध आयोगाकडे तक्रार नेली. सुटे भाग आणि निदानयंत्रे या कंपन्या स्वतंत्र कारागिरांस मिळू देत नाहीत, अशी ती तक्रार होती. चौकशी सुरू झाली तेव्हा आढळले की ही रीत तिघांपुरती नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांस दोषी ठरवून मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत परदेशी नावे होती तशीच टाटा, महिंद्र, मारुती ही घरची नावेही होती. सर्वांत मोठी रक्कम, सुमारे १,३४६ कोटी, टाटांच्या वाट्यास आली. या यादीतील कित्येक कंपन्यांचे कारखाने पिंपरी, चाकण, रांजणगाव या पुण्याच्या परिसरात होते. टोयोटा-किर्लोस्करचा तर आपल्याच कर्नाटकात, बिडदीस. आमच्या गावापासून हे सर्व दूर आहे असे कोणी समजू नये.

आयोगाच्या निकालातील विचार विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. कंपन्यांचे म्हणणे असे की मोटारींच्या बाजारात चुरस भरपूर आहे. एक नको तर दुसरी घ्या. आयोगाने उत्तर दिले की गाडी विकत घेतल्यानंतर गिऱ्हाइकापुढे तो बाजार राहत नाही. एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या गाडीस बसत नाही, आणि दुरुस्ती महाग आहे म्हणून कोणी गाडी टाकून देत नाही. घेण्यापूर्वी चौदा दुकाने, घेतल्यानंतर एकच. आणि त्या एका दुकानात प्रत्येक कंपनी सर्वसत्ताधीश. म्हणून आयोगाने आज्ञा केली की सुटे भाग व निदानयंत्रे स्वतंत्र कारागिरांस उपलब्ध करावीत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर गोष्ट वेगळी.

पुढे काय झाले? अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष उचलून धरला, दंड मात्र घटविला. कायद्याच्या वाटा लांब असतात, आणि तेवढ्या काळात बिघडलेली गाडी अंगणात उभी असते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, या कामासाठी एक संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी हे चार विभाग त्यासाठी निवडले आहेत. हे पाऊल चांगले आहे. परंतु माहिती द्या असे सुचविणे आणि दिलीच पाहिजे असे बंधन घालणे यांत अंतर आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी २०१२ साली मतदान करून असे बंधन घातले. गाड्या आपली माहिती तारेवाचून थेट कंपनीकडे पाठवू लागल्या, तेव्हा तेथील मतदारांनी २०२० साली पुन्हा कौल दिला, आणि दर चार मतांपैकी जवळजवळ तीन मते दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने पडली. युरोपातही स्वतंत्र कारागिरास दुरुस्तीची माहिती देणे उत्पादकांवर कायद्याने बंधनकारक आहे. तेथील कंपन्यांचे यामुळे दिवाळे वाजल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता दुसरी बाजू. तीही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या यंत्राने मिस्त्री नवी किल्ली गाडीस ओळखावयास लावतो, त्याच यंत्राने चोरही लावील. ज्या यंत्राने ब्रेकचा संगणक दुरुस्त होतो, त्यानेच तो अर्धवट ज्ञानाच्या माणसाच्या हातून बिघडेल, आणि त्याची शिक्षा रस्त्यावरच्या निरपराध माणसास होईल. धूर कमी करणारी गाळणी काढून टाकून संगणकास 'ती आहे' असे खोटे सांगणारे महाभागही आहेत. हे आक्षेप खरे आहेत. परंतु त्यांवरून निघणारा निष्कर्ष 'यंत्र कोणासच देऊ नये' असा नव्हे. 'ओळख पटवून आणि नोंद ठेवून द्यावे' असा आहे. अमेरिकेत किल्ली व कुलुपाचे संकेत हवे असणाऱ्या कारागिरास स्वतःची पडताळणी करून नाव नोंदवावे लागते, आणि कोणी कोणत्या गाडीचे संकेत घेतले याची नोंद राहते. औषधविक्रेत्याकडे विषारी द्रव्ये असतातच. म्हणून आपण औषधांची दुकाने बंद केली नाहीत, परवाना आणि वही ठेवली.

कंपन्यांचा आणखी एक आक्षेप मालकीहक्काचा. निदानयंत्र तयार करण्यास बुद्धी आणि पैसा लागला, तो फुकट का द्यावा? फुकट द्यावा असे आम्ही म्हणत नाही. दाम घ्यावे, वाजवी घ्यावे, आणि दिवसाच्या वा महिन्याच्या भाड्यानेही द्यावे. कारण लहान गॅरेजवाल्याकडे आज एका कंपनीची गाडी येते, उद्या दुसऱ्या, आणि प्रत्येकाचे यंत्र तो विकत घेऊ लागला तर त्यास गॅरेज विकावे लागेल. बीदरच्या बिदरी कारागिराचे उदाहरण आम्हांस येथे आठवते. जस्त व तांब्याच्या ओतीव भांड्यावर तो चांदी बसवितो, किल्ल्यातील माती आणि नवसागर यांनी ते काळे करतो; ही विद्या त्याची, तिचे मोल त्यास मिळालेच पाहिजे. पण एकदा विकलेले भांडे पुसावयासही माझ्याकडेच आणा, असे तो गिऱ्हाइकास सांगत नाही.

हा प्रश्न मोटारीपाशी थांबणार नाही. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषणमान लागू झाले, आणि त्यांच्या इंजिनांतही संगणक आला. आमच्या सीमेपलीकडे जहीराबादेस महिंद्र कंपनीचा ट्रॅक्टरांचा मोठा कारखाना आहे. तेथून निघणारी यंत्रे याच काळ्या मातीत राबतात. पेरणीच्या दिवसांत वाफसा दोनचार दिवस टिकतो. त्या दिवसांत पिवळा दिवा लागला आणि यंत्रवाला माणूस 'परवा येतो' म्हणाला, तर तूर आणि सोयाबीन त्याच्यासाठी थांबत नाहीत.

मिस्त्रीवर्गासही आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. संकेत वाचणे म्हणजे निदान नव्हे. 'पी ०१७१' असा क्रमांक आला तर मिश्रणात हवा जास्त आहे एवढेच कळते. ती फाटक्या नळीतून शिरते, की हवा मोजणारा सेन्सर मळला आहे, की इंधनाचा पंप थकला आहे, हे शोधावे लागते. पडद्यावर नाव दिसले की तो सेन्सर बदलून मोकळे व्हावयाचे, आणि दिवा पुन्हा लागला की दुसरा बदलावयाचा, ही रीत गिऱ्हाइकास बुडविणारी आहे. आणि खरे सांगावयाचे तर ती यंत्र जवळ असलेल्या मोठ्या कार्यशाळांतूनही चालते. जुन्या उस्तादाचे कान आणि नवे यंत्र एकत्र आले तरच काम चोख होईल. ज्याने नळीतून हवा ओढली जाण्याचा सूक्ष्म शीळेसारखा आवाज आयुष्यभर ऐकला आहे, त्यास तो संकेत पाहताच कोठे हात घालावा हे कळेल. आणि असा माणूस आज केवळ यंत्र नाही म्हणून 'गाडी कंपनीत न्या' असे सांगून हात पुसतो, ही नासाडी आहे.

आमच्या शाळेतून दरवर्षी काही मुले दहावीनंतर आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गाकडे वळतात. त्यांच्या कार्यशाळेत कार्ब्युरेटर खोलून दाखवितात तसे दोनतीन कंपन्यांचे अस्सल निदानयंत्रही हाताळावयास मिळाले पाहिजे. कंपन्यांवर बंधन घालताना सरकारने ही अटही घालावी. भाषेची गोष्ट तर कोणी बोलतच नाही. यंत्राचा पडदा इंग्रजीत, पुस्तिका इंग्रजीत. आणि आमच्याकडे मिस्त्री मराठी बोलतो, गाडीचा मालक कानडी, सुट्या भागांचा दुकानदार दखनी उर्दू. तिघांची गाडी एकच. नित्य आढळणारे पन्नास संकेत, त्यांचा अर्थ आणि प्रथम काय तपासावे, असा एक तक्ता मराठीत व कानडीत सहज होण्यासारखा आहे. ज्या संकेतांचा अर्थ सर्व गाड्यांस समान आहे त्यांस कोणाची परवानगी लागत नाही. येत्या वर्षी शाळेच्या विज्ञानमंडळाने तो हाती घ्यावा, इंग्रजी व विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावा, आणि बसथांब्याजवळच्या गॅरेजांत नेऊन लावावा; लावण्यापूर्वी तेथील मिस्त्रीस तो वाचून दाखवावा, म्हणजे चुका तोच सांगेल.